पावसाळ्यात लिपो बॅटऱ्या कशा ठेवाव्यात

मे महिना सरत आला की आमच्या रिमोटवरच्या बोटींचा हंगामही सरतो. कर्जतकडच्या ज्या शेततळ्यात आम्ही बोटी सोडतो, तिथली वाट जूनपासून चिखलात जाते आणि मग थेट नवरात्रापर्यंत बोटी कपाटावर आणि बॅटऱ्या घरात पडून राहतात. बोट पडून राहिली तर फार तर शाफ्टचे ग्रीस सुकते. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर (लिथियम-आयनचाच एक प्रकार) बॅटरी मात्र पडून असतानाही आतून बदलत असते आणि ती जिथे पडून असते ते मुंबईतले घर बहुधा दीड-दोन खोल्यांचे, एकाच दाराचे असते. या विषयावर बोलणे निघाले की लोक लगेच अग्निरोधक पिशवीकडे वळतात. माझ्या मते पिशवीचा क्रम शेवटचा आहे. बॅटरी किती व्होल्टवर ठेवली हा पहिला प्रश्न, घरात कुठे ठेवली हा दुसरा, आणि कशात ठेवली हा तिसरा.

लिपोचा एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याचे नुकसान होऊ लागते. साठवणीसाठी दर सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्ट योग्य, म्हणजे थ्री-एस पॅकला (एकापुढे एक जोडलेले तीन सेल) ११.४ ते ११.५५. तेव्हा बॅटरी साधारण निम्मी भरलेली असते. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये धन इलेक्ट्रोडला लागून असलेले इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होत राहते, त्यातून वायू सुटतो, अंतर्गत रोध वाढतो आणि उष्णता जितकी जास्त तितका हा सगळा प्रकार वेगाने घडतो. टॉर्चमध्ये घालतात त्या दंडगोल सेलला पोलादी कवच असते. लिपोच्या सेलला ॲल्युमिनियमचा थर असलेली मऊ पिशवी असते, म्हणून तो वायू आत साठून पॅक फुगतो. उलट, बॅटरी फार खाली उतरू दिली तर ऋण इलेक्ट्रोडचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढच्या चार्जिंगला तेच तांबे भलत्या ठिकाणी जमून सेलच्या आतच शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण होते.

व्होल्टेजला पहिला क्रम देण्याचे कारण केवळ आयुष्य वाढवणे एवढेच नाही. सेल जितका भरलेला, तितका तो बिघडल्यावर लवकर आणि जोरात पेट घेतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ एप्रिल २०१६ पासून विमानाच्या मालातून जाणाऱ्या सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या ३० टक्क्यांहून जास्त भरलेल्या नसाव्यात असे बंधन घातले, ते याच धोक्यामुळे. आपल्याला चार महिने ठेवायच्या असल्याने हळूहळू होणाऱ्या उताराला थोडी जागा ठेवावी लागते, म्हणून आपण निम्म्यावर थांबतो.

चांगल्या चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ मोड असतोच, पण त्याची एक अडचण कोणी फारशी सांगत नाही. लहान चार्जरची बॅटरी उतरवण्याची क्षमता पुष्कळदा ५ वॅटच्या आसपास असते. थ्री-एस, ५००० एमएएचच्या पॅकमध्ये सुमारे ५५ वॅट-तास ऊर्जा मावते. त्यातली निम्मी ५ वॅटने काढायची म्हणजे साडेपाच तास झाले. रविवारी रात्री दमून आलेला माणूस दोन-तीन पॅकसाठी एवढा वेळ जागा राहत नाही आणि भरलेले पॅक ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून खणात जातात. खरा उपाय तळ्यावरच आहे. शिल्लक राहिलेला पॅक बोटीला लावून आणखी काही फेऱ्या माराव्यात आणि सेल ३.८ च्या आसपास आले की थांबावे. ते जमले नाही तर गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट, ५५ वॅटचा बल्ब थ्री-एस पॅकला लावून तेच काम अर्ध्या तासात होते. मात्र बल्ब प्रचंड तापतो, त्यामुळे तो कडाप्प्यावर ठेवून, प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजत, शेजारी बसूनच हे करावे. बोटीतून काढलेला पॅक गरम असतो, कारण टेप लावून बंद केलेल्या हलमध्ये (बोटीच्या पोकळ सांगाड्यात) मोटर आणि ईएससीला (मोटरचा वेग ठरवणारे सर्किट) पाण्याचे कूलिंग असले तरी बॅटरीला ते नसते. तो पूर्ण गार झाल्याशिवाय त्याला चार्जर लावू नये.

बोटवाल्यांसाठी पाणी ही आणखी एक काळजी. हलमध्ये झिरपलेले पाणी पॅकच्या श्रिंक-रॅपखाली (वरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाखाली) शिरते आणि बॅलन्स वायरच्या (प्रत्येक सेलला जोडलेल्या बारीक वायरीच्या) सांध्यांपाशी साचून राहते. खाडीचे पाणी असेल तर ते अधिक वाईट, कारण खाऱ्या पाण्यातून वीज वाहते आणि टर्मिनलवर हिरवट गंज चढतो. असे झाल्यास कनेक्टर गोड्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, पंख्याखाली नीट सुकवावेत आणि मगच पॅक आवरावा. पॅक बोटीला जोडलेला तर कधीच ठेवू नये; ईएससीचे बटण बंद असले तरी ती थोडा करंट ओढत राहते. बॅलन्स प्लगला लावलेला छोटा व्होल्टेज बझरही तसाच, वर तो पॅकमधले सेल कमी-जास्त उतरवतो.

बॅटरी फ्रिजमध्ये ठेवावी असा सल्ला परदेशी हौशी मंडळी देतात. थंडाव्यात लिपो जास्त टिकते हे खरेच आहे. पण जुलैतल्या मुंबईच्या हवेत फ्रिजमधून काढलेल्या कोणत्याही वस्तूला क्षणात पाणी सुटते आणि हवाबंद पिशवीत नसलेल्या बॅटरीला ते टर्मिनलवरच सुटणार. निम्म्या चार्जवर, सावलीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवलेली बॅटरी आपल्या तापमानात चार महिने ठीक राहते. तेवढ्यासाठी भाजी-दुधाशेजारी तिला जागा देण्याचे कारण मला दिसत नाही. उन्हात उभ्या गाडीत मात्र एक दुपारसुद्धा ठेवू नये.

आता जागा. मुंबईच्या घरात रिकामी जागा म्हणजे दिवाणाचा खण, माळा, दाराजवळचे चपलांचे कपाट किंवा बाल्कनी. दिवाणात गाद्या-रजया असतात आणि वर माणसे झोपतात. माळ्यावर जुने कागद असतात, आणि घर वरच्या मजल्यावर असेल तर स्लॅबची उष्णता. पश्चिमेच्या बाल्कनीत ऊन आणि पावसाची झड दोन्ही. स्वयंपाकघरात गॅस. दाराजवळचे कपाट सर्वांत सोयीचे वाटते आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत वाईट, कारण आग लागली तर बाहेर पडायचा एकमेव रस्ता तिथूनच जातो. हाच नियम इमारतीच्या जिन्याला आणि पॅसेजला. तिथे आपल्याबरोबर शेजाऱ्यांचाही रस्ता अडतो. कडाप्प्याचे शेल्फ, आजूबाजूला कापड-कागद नाही, ऊन नाही, आणि झोपायची जागा व दार यांच्यामध्ये ते येत नाही, अशी जागा शोधावी. आमच्या घरी ती धुण्याच्या जागेवरच्या कोरड्या कोनाड्यात सापडली. शेजारी बॅटरीवर चालणारा धूरसूचक लावला आहे.

कशात ठेवायची, याचे सर्वांत स्वस्त उत्तर धारावीच्या कुंभारवाड्यात मिळते. जाड मातीची कुंडी, तळाला कोरडी वाळू, वर सैल बसणारे मातीचे झाकण. दोन पॅक दोन वेगळ्या कुंड्यांत, म्हणजे एक पेटला तरी दुसरा पेटू नये. कनेक्टरवर टोप्या बसवाव्यात. काचतंतूच्या पिशव्या ज्वाळा काही प्रमाणात आवरतात, पण धूर अडवत नाहीत, आणि पिशवी आहे म्हणून भरलेला पॅक ठेवायला हरकत नाही असे मानणे चूक. तांदळाचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा वापरू नये. आत वायू कोंडला तर तो डबा फुटेल. लोखंडी पेटी वापरायची असल्यास तिचे रबरी गॅस्केट काढून टाकावे.

पॅक पेटलाच तर तो हाताने उचलू नये. पावडरचे अग्निशामक ज्वाळा विझवते, पण सेल थंड होत नाहीत आणि ते पुन्हा पेटू शकतात. भरपूर पाण्याने ते थंड होतात. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, त्यामुळे आग आटोक्यात नसल्यास तिथले दार ओढून सर्वांनी बाहेर पडावे आणि १०१ ला फोन करावा.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक सेलचे व्होल्टेज मोजून वहीत लिहावे. सगळे सेल सारखे थोडेसे उतरले तर काळजी नाही. एकच सेल इतरांपेक्षा वेगाने उतरत असेल तर तो पॅक बाद समजावा. फुगलेला पॅकही बाद. फुगीर भागाला टाचणी लावून वायू काढण्याचा उद्योग करू नये. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा जुना उपायही भरवशाचा नाही, कारण बॅटरी उतरण्याआधीच तिच्या वायरी आणि कनेक्टर गंजून तुटू शकतात, आणि आतला चार्ज तसाच राहतो. घराबाहेर मोकळ्या जागेत, लक्ष ठेवून, त्याच हेडलाइटच्या बल्बने पॅक पूर्ण उतरवावा, टोके वेगवेगळी टेपने बंद करावीत आणि तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावा. २००१ चे जुने नियम शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपुरतेच होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आल्या आहेत आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेला पॅक कचऱ्याच्या गाडीत दाबला जातो, आणि गाडीला आग लागायला तेवढे पुरते.