४७४व्या तासाला काय झालं

सेकंडहँड सुपरकार विकत घेण्याआधी ती तपासून देणं हा माझा धंदा. एखाद्या खरेदीदारासाठी एकाच मॉडेलच्या दोन गाड्या एकाच दिवशी बघायच्या, आणि त्यातली एक रोज ऑफिसला जाणारी तर दुसरी ट्रॅकवर पळणारी, असा योग क्वचित येतो. त्या दिवशी आला.

खरेदीदार म्हणजे एक डॉक्टर, शस्त्रक्रिया करणाऱ्या. बोलणं मोजकं. फोनवर त्यांनी सरळ विचारलं होतं, "सोमवार ते शुक्रवार हॉस्पिटल, महिन्यातला एक रविवार ट्रॅक. दोन्हीला एकच गाडी हवी. या दोनपैकी कोणती घेऊ?" मी म्हटलं, आधी बघू तरी.

मॉडेलचं नाव इथे घेत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही संबंध नाही. इंजिन सीटच्या मागे, व्ही-८, ड्राय संप (म्हणजे ऑइल इंजिनाच्या तळाशी नाही, वेगळ्या टाकीत), एवढं पुरे. सकाळच्या गाडीला स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणारा, सिंगल क्लचचा ऑटोमेटेड गिअरबॉक्स. दुपारच्या गाडीला तीन पेडल आणि हाताने टाकायचे गिअर.

सकाळच्या गाडीचा मालक मोकळा माणूस. "रोज वापरलीय, जे आहे ते दिसतंच आहे," म्हणाला. दिसत होतंच. बंपरचा खालचा ओठ खरचटलेला, दोन रिम फुटपाथला घासलेल्या, चढताउतरताना रगडून ड्रायव्हर सीटची कड मऊ पडलेली. रनिंग ४१,००० किलोमीटर. जे डोळ्यांना दिसतं त्याची मला फारशी काळजी नसते, त्याचे पैसे खरेदीदार आपोआप कापून घेतो.

मी आधी स्कॅनर लावतो आणि इंजिन एकूण किती तास चाललंय ते बघतो. इथे निघाले १,३९० तास. एक्केचाळीस हजारांना त्याने भागा, ताशी साडेएकोणतीस किलोमीटर. ताशी ३००च्या वर जाणाऱ्या गाडीचा जन्मभराचा सरासरी वेग हा! म्हणजे सिग्नल, रांगा आणि पार्किंगचे चढ.

अशा गाडीत सगळ्यात आधी मार खातो तो क्लच. नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो या गिअरबॉक्समध्ये नसतो. क्लच मॅन्युअल गाडीत असतो तसाच, फक्त तो दाबायला पायाऐवजी कॉम्प्युटर. पुढची गाडी हातभर सरकली की आपण ॲक्सिलरेटरला नुसता पाय लावतो आणि कॉम्प्युटर हाफ क्लचवर गाडी रांगवत राहतो. चढावर रिव्हर्स घेणं तर त्याहून वाईट. स्कॅनर म्हणाला, क्लच ७८ टक्के झिजलाय. हा आकडाही मी डोळे मिटून घेत नाही. क्लच प्लेटची जाडी कोणी आत जाऊन मोजलेली नसते. क्लच पकडायला तो हलवणाऱ्या ॲक्च्युएटरला किती सरकावं लागतं त्यावरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो. नवा क्लच बसवताना त्याला नवं शून्य दाखवून दिलं नसेल तर तो पुढे कायम चुकीचंच सांगणार. मालकाकडे बिल होतं, त्यावर त्या सेटिंगची नोंदही होती. आकडा खरा.

मग ऑइल भरायचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला पिवळसर थर, सायीसारखा. हे बघून भलेभले घाबरतात, हेड गॅस्केट (कूलंटला ऑइलपासून वेगळं ठेवणारं इंजिनातलं सील) गेलं म्हणून मोकळे होतात. पण कूलंटची पातळी बरोबर होती आणि प्रेशर टेस्टमध्ये काटा जागचा हलला नाही. कारण साधं होतं. मालकाचं ऑफिस फार जवळ. कूलंट लवकर गरम होतं, ड्राय संपमधलं एवढं सगळं ऑइल तापायला त्याच्या कितीतरी जास्त वेळ लागतो. थंड इंजिनात साचलेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला ऑइल चांगलं तापलेलं हवं, आणि त्याआधीच ही गाडी पार्किंगमध्ये उभी. वर्षानुवर्षं हेच. ऑइलचा नमुना बाटलीत भरून लॅबसाठी बाजूला ठेवला.

ब्रेक मात्र बघण्यासारखे. कार्बन सिरॅमिक डिस्कची झीज नुसती जाडी बघून कळत नाही. ट्रॅकवरच्या उष्णतेत आतला कार्बन जळत जातो, जाडी तेवढीच दिसते आणि वजन उतरतं. म्हणून या डिस्कवर कमीत कमी वजन छापलेलं असतं. चारही काढून काट्यावर ठेवल्या, जवळपास कोऱ्या. ऑफिसच्या वाटेवर त्यांना काम तरी काय पडणार!

सुपरकार रोज वापरायची नसते, असं म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. होंडाची एनएसएक्स १९९० साली आली ती रोज चालवता यावी अशीच बांधलेली होती. ॲल्युमिनियमची बॉडी, ८,००० आरपीएमपर्यंत फिरणारं इंजिन, आणि बसल्या जागेवरून चहूकडचं स्वच्छ दिसणारं. शिवाय गाडी उभी ठेवली म्हणून तिचं वय थांबत नाही. फेरारी ३६० मोडेनाला टायमिंग बेल्ट आहे, तो गाडी जागची हलली नाही तरी वर्षं भरली की बदलावा लागतो (पुढच्या एफ४३०ला कंपनीने चेन दिली आणि मालकांनी सुटकेचा श्वास घेतला). टायरचंही तेच. बाजूला २३१९ छापलेलं असेल तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला, मग नक्षी कितीही शाबूत असो.

दुपारची गाडी समोर आली आणि डॉक्टरांकडे बघून मी मनात म्हटलं, झालं, यांचं ठरलं.

रनिंग २७,५००, इंजिनाचे तास ४८०. मालकाने टेबलावर जाडजूड वही ठेवली. प्रत्येक ट्रॅक डेची दोन पानं. टायरचं गार प्रेशर, गरम प्रेशर, हवेचं तापमान, पॅड किती उरले, ब्रेक ऑइल कधी बदललं. मूळच्या सिरॅमिक डिस्क काढून खोक्यात जपून ठेवलेल्या आणि गाडीवर लोखंडी डिस्क चढवलेल्या. हे शहाणपण फार थोड्यांना सुचतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचं प्रमाण असं की नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळावं, पण ठराविक पाणी मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५वर येते. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. या गृहस्थांनी प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी ऑइल बदललेलं होतं, बिलांसकट.

गाडीखाली शिरून बघितलं. व्हीलआर्चच्या आत वितळून चिकटलेले रबराचे बारीक गोळे, कॅलिपरचा रंग काळवंडलेला, टायरची आतली कड जास्त झिजलेली, कारण अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, ट्रॅकसाठी लावलेलं. सगळं वहीशी जुळत होतं. ट्रॅकवरची गाडी म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरतात. मी सरत नाही. "हिने ट्रॅक कधी पाहिलाच नाही" अशी जाहिरात असलेल्या गाडीत ते रबराचे गोळे सापडले, की मग मात्र सरतो.

स्कॅनर सगळ्यात शेवटी लावला, कारण खरं सांगायचं तर मीही त्या वहीवर खूश झालो होतो.

इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं तर काही गाड्यांच्या ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, त्याची नोंद राहते, पोर्शेच्या गाड्यांत तर ती टप्प्याटप्प्याने मांडलेली असते. ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन मर्यादेच्या वर जात नाही, लिमिटर ते तोडतो. पण पाचव्यातून चौथा टाकायला गेलेला हात घाईत दुसऱ्यात गेला आणि क्लच सोडला, की चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे लिमिटरचं काही चालत नाही. पॅडलवाल्या गाडीत कॉम्प्युटर असा गिअर टाकूच देत नाही, मॅन्युअलमध्ये अडवणारं कोणी नसतं.

या गाडीत जुन्या दोन किरकोळ नोंदी होत्या, शंभर तासांच्याही आतल्या. त्या मी सोडून देतो. त्यानंतर इंजिन तीनशेहून जास्त तास नीट चाललंय, म्हणजे जे व्हायचं ते झालेलं नाही. तिसरी नोंद वेगळी होती. सगळ्यात वरचा टप्पा, साधारण ३०० ठिणग्या (अशी नोंद वेळेत नाही, प्लगच्या ठिणग्यांत मोजलेली असते). साडेनऊ हजार आरपीएमला व्ही-८मध्ये सेकंदाला सहाशेच्या वर ठिणग्या पडतात, म्हणजे हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. तास ४७४. आणि गाडी आता ४८०वर.

मालकाला काही न बोलता लीकडाउन टेस्टची परवानगी मागितली. "करा की," तो म्हणाला, आवाजात कसलीही चलबिचल नाही. प्लग काढायचे, एकेक पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. हवा कुठून गळते ते मात्र कानानेच कळतं. थ्रॉटलपाशी फुसफुस म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणापाशी म्हणजे रिंग, कूलंटच्या टाकीत बुडबुडे म्हणजे गॅस्केट. सात सिलिंडर तीन ते पाच टक्क्यांत आले. सहावा सोळा टक्के. पुन्हा केला, सोळाच. मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी कान लावला. बारीक, सलग सुस्कारा येत होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नव्हता. इतक्या वेगात स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेवर मिटवू शकत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला टेकतो. नुसतं इंजिन चालू करून ऐकलं असतं तर कोणालाही काही कळलं नसतं, मलासुद्धा नाही.

मी वहीचं शेवटून दुसरं नोंदीचं पान उघडलं. मालकाच्या सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ असते. त्या पानावरच्या दुपारच्या प्रेशरमधले सात बिनरेघेचे होते.

"हे अक्षर तुमचं नाही," मी म्हटलं.

त्याने वही ओढून घेतली. बराच वेळ बघत राहिला. "मित्राने चालवली होती. दोनच लॅप. मी जेवायला गेलो होतो." मग म्हणाला, "तो काही बोलला नाही हो." मला त्याचं खरं वाटलं. लपवायचं असतं तर त्याने ते पान असलेली वही माझ्या हातात दिलीच नसती.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मग सकाळची घेते आणि तीच ट्रॅकला नेते. चालेल?"

चालेल, पण एका गाडीवर दोन संसार थाटले की दोन्हीकडे उधारी होते, आणि हे त्यांना वाईट वाटलं तरी सांगणं भाग होतं. ट्रॅकचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत, शिवाय किंचाळतात. पहाटे हॉस्पिटलमधून बोलावणं आल्यावर पहिल्याच सिग्नलला ते कळेल. ट्रॅकचे टायर साचलेल्या पाण्यावर भरवशाचे नाहीत. ट्रॅकचं अलाइनमेंट रस्त्यावर टायरच्या आतल्या कडा खातं, रस्त्याचं अलाइनमेंट ट्रॅकवर बाहेरच्या. आणि काट्यावर कोऱ्या निघालेल्या त्या सिरॅमिक डिस्क ट्रॅकवर जळायला लागल्या की त्यांच्या एका जोडीच्या किमतीत माणूस हौशीची दुसरी गाडी घेऊ शकतो. ट्रॅकवर झालेलं नुकसान नेहमीच्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, ही वेगळीच गोष्ट.

"म्हणजे दोन गाड्या घ्या म्हणताय," डॉक्टर म्हणाल्या.

"एक आणि एक छोटी," मी म्हटलं. ट्रॅक शिकायला पाचशे अश्वशक्ती लागत नाही. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ टनाच्या आत भरते, लोटस एलिझ तर त्याहून हलकी. हलक्या गाडीचे पॅड आणि टायर टिकतात, आणि चूक झाली तर ती कमी वेगात होते.

लॅबचा अहवाल आठवड्याने आला. सकाळच्या गाडीच्या ऑइलमध्ये पेट्रोल जरा जास्त, बेअरिंगचे धातू मात्र नेहमीच्या प्रमाणात. डॉक्टरांनी तीच घेतली, क्लचचे सगळे पैसे किमतीतून कापून. मी एकच अट घातली, आठवड्यातून एकदा तरी हॉस्पिटलला लांबच्या रस्त्याने जायचं. माझदा त्या अजून शोधतायत. दोन बघितल्या, दोन्हींचा पत्रा गंजलेला होता.

दुपारच्या गाडीचं हेड उघडल्यावर मालकाने मला फोटो पाठवला. सहाव्या पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराची खूण, नखाएवढी, आणि शेजारी टेबलावर वाकलेला व्हॉल्व्ह. खाली लिहिलं होतं, बिल मित्राला पाठवलंय. दोन दिवसांनी मी विचारलं, काय झालं? तर म्हणाला, "निळी खूण झालीय. उत्तर नाही."