सात वेळा छेत्रीच का?

मुलांना फुटबॉल शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. मुलांना सोडायला येणारे पालक, जुने सोबती, भारताची मॅच कधीमधी बघणारे नातेवाईक, सगळ्यांचा मला एक ठरलेला प्रश्न असतो. 'फेडरेशनचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुनील छेत्रीला सात वेळा कसा काय मिळाला? एवढ्या मोठ्या देशात दुसरं कोणी नव्हतंच का?' एकदा नाव झालं की पुरस्कार आपोआप मागे येतात, अशी शंका बहुतेकांच्या बोलण्यात असते. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघ हा पुरस्कार 1992 पासून देतोय. सुरुवातीच्या काळातलं मोठं नाव आय. एम. विजयन. लहानपणी त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोड्याच्या बाटल्या विकणाऱ्या या माणसाने तो तीनदा मिळवला. भारतासाठी गोल करणाऱ्या छेत्रीने तो 2007, 2011, 2013, 2014, 2017, 2018-19 आणि 2021-22 असा सातदा घेतला. पहिल्या आणि शेवटच्या पुरस्कारात जवळपास पंधरा वर्षांचं अंतर आहे. पंधरा वर्षांत किती प्रशिक्षक आले आणि गेले, किती क्लब बंद पडले, राष्ट्रीय लीगचं नाव आणि स्वरूपही बदललं. एवढं सगळं बदलत असताना एक खेळाडू तिथेच टिकून राहतो, यात वशिला शोधायची मला तरी गरज वाटत नाही.

शिवाय निवड कोण करतं, हेही बघा. 2018-19 आणि 2019-20 ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) आणि आय-लीग या देशातल्या दोन मोठ्या लीगमधल्या क्लबांच्या प्रशिक्षकांनी मतं दिली होती. म्हणजे ज्यांनी आदल्या रात्री फळ्यावर वर्तुळं काढून 'याला कोण धरणार?' असं डोकं खाजवत ठरवलं, तेच मत देणारे. त्यांच्याइतकं त्या खेळाडूला कोणी ओळखत नाही. 2021-22 ला राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी छेत्रीचं नाव दिलं, ही पद्धत मला तितकी पटत नाही. एका माणसाच्या शब्दापेक्षा वीस प्रतिस्पर्ध्यांची मतं मला जास्त मोलाची वाटतात.

आणि छेत्री मैदानावर काय करतो, ते मी जवळून पाहिलंय. जून 2018 मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारत विरुद्ध चायनीज तैपेई, म्हणजे तैवान, ही मॅच होती. प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. स्टँड इतका रिकामा, की खेळाडूंनी एकमेकांना दिलेल्या हाका ऐकू येत होत्या. भारत 5-0 ने जिंकला, छेत्रीची हॅटट्रिक झाली. पण मी सगळा वेळ बघत होतो ते बॉल त्याच्याजवळ नसताना. तो सतत मान वळवून मागे बघायचा, दोन डिफेंडरांच्या मधल्या जागेत दोन पावलं सरकायचा, परत दोन पावलं मागे यायचा. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाने हेडरवर इतके गोल कसे केले, ते मला तिथे कळलं. उंच डिफेंडर उडी मारायच्या आधीच हा बॉलखाली पोचलेला असायचा. त्या मॅचनंतर त्याने व्हिडिओ करून लोकांना हात जोडले, की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमला या. दोनच दिवसांनी केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच होती. सगळी तिकिटं संपली. धो धो पाऊस, मैदानावर पाणी, आणि छत्र्या मिटून ओरडणारे लोक. त्यातही त्याने दोन गोल केले. जवळच्या मुलांना मी त्या रात्रीबद्दल अजून सांगतो.

तेव्हा सातही पुरस्कार त्याच्या हक्काचे होते, असं माझं ठाम मत आहे. तरीही तुमच्या प्रश्नातलं 'दुसरं कोणी नव्हतंच का' हे अर्धं मला टोचतं. स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल करणारा, म्हणून बघाल तर खरंच फारसं कोणी नव्हतं. आणि ते का नव्हतं, हे मतं देणाऱ्यांना विचारून उपयोग नाही.

आयएसएल 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावर एका संघाचे सहा परदेशी खेळाडू चालत होते. 2017 ला पाच झाले, 2021 पासून चार. या जागा क्लब कुठे वापरतात? पैसे मोजून आणलेला परदेशी माणूस गोल करायलाच हवा, म्हणून बहुतेक वेळा स्ट्रायकरच्या जागी. भारतीय पोरगा चांगला असला तर त्याला विंगवर ढकलतात, नाहीतर सत्तराव्या मिनिटाला उतरवतात. परिणाम डोळ्यांसमोर आहे. 2014 ते 2024-25 या अकरा हंगामांत आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा एकदाही भारतीय नव्हता. नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची, जागा वीस-बावीसच्या वयात मिळाली नाही, तर बॉक्समध्ये पाठीवर डिफेंडर असताना बॉल कसा थांबवायचा, हे पोरगं शिकणार कधी? सरावात हे येत नाही. ते मॅचमध्ये, चुकून, शिव्या खाऊनच येतं.

मला स्वतःला या यादीतली आवडती वर्षं कोणती म्हणाल, तर गोल न करणाऱ्यांना मिळालेली. गोलरक्षक सुब्रत पालनंतर 2019-20 ला गुरप्रीत सिंग संधू या गोलरक्षकाला पुरस्कार मिळाला. 10 सप्टेंबर 2019 ची दोहाची मॅच आठवा. समोर आशियाई विजेता कतार, त्यांच्याच घरी. छेत्री आजारी, म्हणून दंडावर कॅप्टनची पट्टी गुरप्रीतच्या. कतारने एकामागून एक हल्ले केले. उजवीकडे झेप, डावीकडे झेप, बॉल हातात आला की तो क्षणभर छातीशी धरून ठेवायचा, पोरांना श्वास घ्यायला वेळ द्यायचा. शेवटी 0-0. मी घरी टीव्हीसमोर उभा राहूनच ती मॅच संपवली. पुढच्याच वर्षी संदेश झिंगनला पुरस्कार मिळाला. तो सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, दोहात गुरप्रीतच्या पुढ्यात उभा होता. माझ्याकडे गोलकीपर व्हायला कोणी पोरगं आनंदाने तयार होत नाही. ज्याला मी ग्लोव्ह्ज देतो त्याला आधी ही दोन नावं सांगतो.

महिलांच्या पुरस्काराबद्दल मला कोणीच विचारत नाही, याचं वाईट वाटतं. मणिपूरची ओइनाम बेंबेम देवी लहानपणी मुलांच्या संघात खेळता यावं म्हणून मुलाचं नाव लावून खेळली आणि पुढे 2001 मध्ये तिने हा पुरस्कार घेतला. होशियारपूरची मनीषा कल्याण तर लागोपाठ दोनदा सर्वोत्तम ठरली. 2021 मध्ये मनाउसला ब्राझीलविरुद्ध भारत 6-1 ने हरला, पण तो एक गोल तिचा होता. पुढच्या वर्षी ती युरोपात महिला चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली. माझ्या ग्राउंडवर आता नऊ मुली येतात, त्यातल्या तिघी तिचं नाव घेतात.

2024-25 चा पुरस्कार मोहन बागानचा कॅप्टन सुभाशिष बोस याला मिळाला. लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. त्या हंगामात संघाने आयएसएलचे शील्ड (गुणतक्त्यात पहिलं येण्याचं) आणि कप (बाद फेरीचा) दोन्ही जिंकले, आणि बचाव सांभाळून त्याने गोलही केले. निवड योग्यच होती. पण त्याच हंगामात आयएसएलमध्ये भारतीयांपैकी सर्वाधिक गोल कोणाचे होते, ठाऊक आहे? चाळिशी गाठलेल्या छेत्रीचे, 14. जून 2024 मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून त्याने भारताच्या जर्सीचा निरोप घेतला होता. 2024 च्या अख्ख्या वर्षात भारताने एकही मॅच जिंकली नाही. शेवटी मार्च 2025 मध्ये त्याला परत बोलावलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध भारत 3-0 ने जिंकला. त्यातला एक गोल त्याचा. हेडर.