सहा फूट रुंद, दोन फूट उंच

साताऱ्यातील एका निवृत्त ठेकेदारांनी नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी मला अजिंक्यताऱ्याचे चित्र सांगितले, तेव्हा भिंत पाहून माप मीच ठरवले. यवतेश्वराच्या घाटात, वाऱ्याने उडू नये म्हणून कठड्याला दोरीने बांधलेल्या त्या सहा बाय दोन फुटी कॅनव्हासवर काम चालू असताना ते पाहायला आले आणि पाहताक्षणी नाराज झाले.

“अहो सर, एवढं लांबलचक चित्र, आणि आभाळ चारच बोटं? शिवाय किल्ला पार कडेला!”

वाद घालण्याऐवजी मी त्यांच्या हाती पुठ्ठ्याची चौकट दिली, जिच्यातील खिडकी मी एकास तीन या प्रमाणात कापून घेतलेली असते. त्यांनी ती आधी नेमकी किल्ल्यावर धरली. नजर माथ्यावरच्या टेलिव्हिजन मनोऱ्याला जाऊन चिकटली आणि दोन्ही बाजू निरुद्योगी पडल्या. मग त्यांनी ती सावकाश डावीकडे सरकवली, तसा किल्ला उजव्या कडेला गेला, खालची शहराची छपरे पसरत गेली आणि पलीकडे जरंडेश्वराचा डोंगर आत आला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

आपल्या भागाला हे माप मानवते, याचे कारण खडकातच आहे. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरून हा बेसाल्ट तयार झाला, त्यामुळे माथे सपाट आणि कड्यांच्या रेषाही आडव्या. आभाळ वाढवले की या रेषांचा जोर ओसरतो. व्हॅन गॉगने १८९० मध्ये फ्रान्समधल्या ओव्हेर गावची गव्हाची शेते रंगवताना उंचीच्या दुप्पट रुंदीचे कॅनव्हास घेतले होते. त्याच्या आधी त्याच गावी राहिलेला चित्रकार दोबिन्यी तर नावेत बसून नदीकाठ आडव्या मापात रंगवीत असे. पण एकास दोनचे चित्र दिवाणखान्यातल्या अंतरावरून एका नजरेत मावते, एकास तीनला मान वळवावी लागते, आणि वळणाऱ्या नजरेला वाटेत थांबे द्यावे लागतात. माझ्या चित्रात एक चुन्याची भिंत आणि उन्हात आलेला गवताचा पिवळा पट्टा हे काम करतात. (ते जमले की नाही हे मागे सरून पाहावे, तर मागे घाटरस्ता आणि कासकडे निघालेल्या गाड्या!)

ठेकेदार कॅनव्हासच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, “राहू द्या असंच. समोरच्या भिंतीला गुहागरचा समुद्र करा, ह्याच मापाचा.”

समुद्र अधिक अवघड. तिथे क्षितिजाची एकच सरळ रेष असते, आणि ती मध्यावर आली की लांब चित्राच्या दोन पट्ट्या होतात. म्हणून ती वरच्या कडेजवळ घेऊन खालचा बहुतेक भाग ओल्या वाळूला आणि फेसाच्या तिरप्या रेषांना द्यायचा, एवढे मी तिथेच, पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला कोळशाने आखून घेतले.