तुम्ही विचारलंत म्हणून: आठवड्यात तीन किलो उतरले, मग ते डाएट खोटं कसं?

वजन करून झालं की चप्पल पायात सरकवता सरकवता हा प्रश्न येतोच. सूर जरा जिंकल्याचा असतो. काटा खोटं बोलत नाही, हे मलाही मान्य. तीन किलो उतरलेलेच असतात, पण त्यात चरबी थोडीच असते.

हिशोब बघा. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, असतं आणि त्याचा एकेक ग्रॅम जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून बसतो. असल्या डाएटमध्ये कर्बोदकं (भात, पोळी, गोड) एकदम तोडली की काही दिवसांत हा साठा बराच रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे जातं. दीडेक किलो तिथेच गेले. मीठ आणि पोटातलं अन्न घटलं म्हणून आणखी थोडे. याउलट, एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. आठवड्यात तीन किलो चरबी घालवायची तर रोज ३,३०० कॅलरींची तूट हवी. बहुतेकांचा दिवसाचा सगळा खर्चच तेवढा नसतो. निव्वळ उपाशी राहूनही हे जमायचं नाही. (इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना न विचारता कर्बोदकं तोडूच नयेत, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.)

माझ्याकडे येणाऱ्या एक बाई रोजचं वजन वहीत लिहायच्या. उतरलं तर हिरव्या पेनाने, वाढलं तर लाल. एका रात्री चारचौघांसारखं पोटभर जेवल्या आणि सकाळी दीड किलो लाल! "मॅडम, महिनाभराचं सगळं पाण्यात गेलं." म्हटलं, "पाण्यात गेलं नाही हो, पाणी परत आलंय."

हे आज सुचतं. सुरुवातीच्या वर्षांत मीही सगळ्यांना एकच छापील तक्ता देत होते आणि पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर मिरवत होते. तिसऱ्या महिन्यात माणूस यायचा थांबला की दोष त्याच्या निर्धाराला. २०१८ साली स्टॅनफर्डचा एक अभ्यास आला. ६०९ जण, वर्षभर, निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. सरासरी घट ५.३ आणि ६ किलो, म्हणजे म्हणण्यासारखा फरक नाहीच. पण दोन्ही गटांत कुणी पंचवीस किलोंच्या वर उतरवलेले आणि कुणाचं चक्क वाढलेलं. आहाराच्या नावापेक्षा माणसामाणसांतला फरक कितीतरी मोठा निघाला. छापील तक्ता तिथेच सुटला.

आता मी पहिल्या भेटीत विचारते, "थकून घरी आलात, कंटाळा आलाय, तेव्हा काय खाता?" लोक ओशाळतात, पण आखणी सुरू होते ती त्या उत्तरापासून.

त्या बाई हल्ली आठवड्यातून एकदाच वजन लिहितात. लाल पेन मात्र अजून पर्समध्ये असतं.