ओठ अजून बधिरच आहे

कर्वे रोडवरच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात त्या शनिवारी सकाळी कोथरूडच्या एक काकू मुलाबरोबर आल्या. आदल्या दुपारी दुसरीकडे खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू, बसवलं होतं. "दुखत नाही हो, पण ओठ अजून बधिरच आहे. सकाळी चहा हनुवटीवरून ओघळला, तो साडीवर पडल्यावर कळलं." तिथे फोन केला तर 'इंजेक्शन उतरेल हळूहळू' असं सांगितलं होतं.

भुलेचा बधिरपणा साधारण ३ ते ५ तासांत उतरतो. इथे रात्र उलटली होती. म्हणूनच इम्प्लांटच्या पेशंटला त्याच संध्याकाळी फोन करून ओठाचं विचारलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

काकूंना डोळे मिटायला सांगून कापसाने आणि प्रोबच्या टोकाने हनुवटी तपासली. जिथे कळत नव्हतं त्याभोवती पेनाने रेघ ओढून फोटो काढला. पुढे सुधारणा मोजायला हाच आधार असतो.

मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. खालच्या जबड्याच्या हाडातल्या कालव्यातून, म्हणजे बारीक नळीतून, जाणारी नस ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिच्यापासून इम्प्लांट किमान २ मिलिमीटर दूर हवं. इथे त्याचं टोक कालव्याच्या छतातून आत गेलेलं स्पष्ट दिसत होतं.

"काढायचं? सगळे पैसे भरलेत हो," मुलगा कळवळून म्हणाला. मी त्याला स्कॅन दाखवला. नसेवरचा दाब पहिल्या दीडेक दिवसात काढला तर ती सावरण्याची शक्यता सर्वांत जास्त. हाडाने इम्प्लांट धरायला काही महिने लागतात, त्यामुळे आज ते सहज निघणार होतं. बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी क्षणभरही वाद न घालता "काढा" म्हटलं, याचं मला फार बरं वाटलं.

ब्लॉक, म्हणजे अख्खी नस बधिर करणारं इंजेक्शन, न देता हिरडीत थोडी भूल दिली, रॅचेट (इम्प्लांट फिरवायचा छोटा पाना) उलटं फिरवलं, इम्प्लांट बाहेर. खड्ड्यात हाडाची पावडर भरली नाही. पुन्हा नसेवर दाब नको होता. काकूंना मधुमेह, म्हणून त्यांच्या फिजिशियनशी बोलूनच स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला.

काही आठवड्यांनी त्यांचा घाबरून फोन आला, "ओठाला मुंग्या येताहेत!" मला इतका आनंद झाला! नस जागी होत होती. दर भेटीत पेनाची रेघ आत सरकत गेली. ओठाच्या कोपऱ्याजवळ एक छोटा ठिपका अजून मंद आहे. दुसऱ्या इम्प्लांटला काकूंनी साफ नकार दिला. तिथे ब्रिज केला, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने कृत्रिम दात बसवला.