सिंहगड अपडेट : हा सीझन उतरण्याचा

मंडळी, पावसाळा संपल्यापासूनचं सगळं एकदम लिहितेय, मध्ये दिवाळी आणि घरचं आजारपण यात राहूनच गेलं. टायमिंग आधी सांगून टाकते म्हणजे विचारणाऱ्यांचं समाधान होईल. पायथ्याच्या आतकरवाडीपासून वर गडाचा पुणे दरवाजा आता तासाच्या आत होतो, मध्ये दम खायला थांबून. पण मला ज्याचा खरा आनंद आहे ते वेगळंच आहे. या सीझनला मी ठरवून उतरण्यावर काम केलं, आणि आता खाली आल्यावर मांड्या थरथरत नाहीत, सोमवारी सोसायटीचा जिना उतरताना कठडा धरावा लागत नाही. तासाच्या आत येण्यापेक्षा माझ्यासाठी हे मोठं आहे.

आपण गडवाले चढण्याबद्दल इतकं बोलतो ना, की उतरणं म्हणजे नुसतं घरी परत येणं असं होऊन बसलंय. पण आठवून बघा, घोटा मुरगळला, गुडघा धरला, घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या मातीदगडांच्या उतारावरून, पाय सटकून हात सोलवटला, हे सगळं बहुतेक वेळा उतरतानाच झालेलं असतं. ओळखीतले कितीतरी जण पन्नाशी आली की गड सोडतात, किंवा चढतात हौसेने आणि खाली येतात जीपने. मी ४९ ची आहे, पाळी जायच्या उंबरठ्यावर, आणि या वयात बायकांची हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात हे आपल्याला माहीत आहेच, त्यावर औषधगोळ्यांच्या आधी पायावर वजन पडेल असा व्यायाम करायला सांगतात. मग गड सोडून कसं चालेल, उलट आताच तर तो हवा. म्हणून म्हटलं की अजून वीस वर्षं यायचं असेल तर उतरणं शिकावं लागेल.

आधी थोडं शास्त्र, कारण ते कळल्यावर मला धीर आला. गड समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे आणि आतकरवाडीच्या वाटेने ढोबळ मानाने अडीच किलोमीटरमध्ये सहाशे मीटर उंची चढतो आपण, म्हणजे तेवढंच उतरतो पण. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तोच स्नायू लांब होत होत वजन धरून ठेवतो, ब्रेक लावल्यासारखा. या ब्रेक लावण्यात स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि म्हणून दुखणं त्या दिवशी नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. गंमत अशी की उतरताना दम लागत नाही त्यामुळे वाटतं काही मेहनतच झाली नाही, आणि तिथेच माणसं पळत सुटतात. पण चांगली गोष्ट ही की एकदा असा ताण बसला की स्नायू शहाणा होतो, पुढच्या वेळी तेवढ्याच उतारावर खूप कमी दुखतं आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. त्यामुळे थोडं थोडं पण नेमाने उतरत राहिलं तर शरीर सवय लावून घेतं, महिनोनमहिने काही न करता एकदम राजगड करून आलं की आठवडाभर जिना नकोसा होतो.

आता टेक्निक. यावर मी व्हिडिओ पण बघितले पण सगळ्यात जास्त शिकले ते वाटेवर ताक विकणाऱ्या एका मावशींकडून. गडावरची आणि पायथ्याची ही मंडळी रोज सामान घेऊन वर-खाली करतात, डोक्यावर ओझं, पायात साधी चप्पल. ऑक्टोबरमध्ये एकदा त्या रिकामा हंडा घेऊन खाली निघाल्या होत्या, मी त्यांच्या मागे मागे उतरले आणि फक्त त्यांच्या पायांकडे बघत राहिले. पाऊल इतकं छोटं की आपल्या एका ढांगेत त्यांची तीन पावलं बसतील. गुडघा कधीच ताठ नाही, कायम किंचित वाकलेला. टाच आपटत नाहीत, अख्खा तळवा अलगद टेकवतात. जिथे मुरूम सुटा आहे तिथे त्या सरळ खाली न येता जरा तिरक्या होऊन नागमोडी उतरतात आणि पाय ठेवायला सुट्या दगडापेक्षा जमिनीत रुतलेला दगड निवडतात, तो आधीच दिसलेला असतो कारण नजर पायाशी नसून तीन-चार पावलं पुढे असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागे रेलत नाहीत. आपण भीतीने मागे रेलतो, मग वजन टाचेवर जातं आणि टाच सटकते की बसलोच. मी विचारलं मावशी गुडघे दुखत नाहीत का, तर म्हणाल्या, "दुखत्यात की ताई, पण घाई केली तरच." ते वाक्य मी तेव्हापासून धरून ठेवलंय.

तर आता मी तसंच उतरते, छोटी पावलं, गुडघा सैल, आणि ज्या टप्प्याला घसारा आहे तिथे बोलणं बंद. सुरुवातीला खूप हळू वाटतं, मागून पोरं धडाधड पळत पुढे जातात, जाऊ देत. पायथ्याला यायला आधीपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात पण पुढचा अख्खा आठवडा वाचतो.

घरी काय करते ते बऱ्याच जणींनी विचारलं होतं. फार काही नाही आणि साधनं तर अजिबात नाहीत. जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभं राहायचं, एक पाय पायरीवर ठेवून दुसरा सावकाश खाली न्यायचा, मनात तीन मोजत, टाच जमिनीला जेमतेम लागली की परत वर. गुडघा आत वळू द्यायचा नाही, तो पायाच्या बोटांच्या रेषेत हवा, आरशासमोर करता आलं तर उत्तम. दोन्ही पायांनी दहा-दहा, दोनदा. मग पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, हे पोटऱ्यांसाठी. आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, जमेल तेवढं. दात घासताना एका पायावर उभी राहते, तोल सुधारतो याने. मंगळवार आणि गुरुवार एवढंच, बाकीचे दिवस साधं चालणं. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असं डब्ल्यूएचओ सांगते, गड धरून त्यात आरामात बसते मी. रविवारी गड असतो म्हणून शनिवारी मात्र काहीच नाही आणि रात्री साडेनऊला झोप, यात मी अजिबात तडजोड करत नाही. कारण झोप नीट झाली नाही की पहिला परिणाम तोलावर दिसतो, पाय ठेवायला जरा उशीर होतो. ज्यांचा गुडघा सुजतो किंवा मध्येच अडकतो त्यांनी हे सुरू करायच्या आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, प्लीज.

खाण्याचं. आमच्याकडे सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री भात-आमटी, म्हणजे प्रोटीन म्हणाल तर आमटीतल्या डाळीपुरतंच. आयसीएमआर-एनआयएन म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम, आणि तेवढं आपल्या ताटात आपोआप पडत नाही, ठरवून घालावं लागतं. पावडरचा डबा न आणता मी एवढंच केलं की रोज एका जेवणात मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ, दुपारी वाटीभर दही, आणि चार वाजता चहाबरोबर बिस्किटाऐवजी मूठभर शेंगदाणे-फुटाणे. सध्या थंडी आहे म्हणून बाजरीची भाकरी चालू आहे. परवा भोगीला तीळ लावलेली भाकरी, लेकुरवाळी भाजी आणि वर लोण्याचा गोळा असं झालं, आपल्या आज्यांनी थंडीचं ताट किती विचार करून ठरवलंय बघा, शंभर ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आता तीळ काही कोणी शंभर ग्रॅम खात नाही पण चमचाभर तिळकूट रोज ताटात राहिलं तर वर्षभर उपयोगी पडतं. उन्हाळ्यात हेच काम नाचणीच्या आंबिलाकडे देणार.

गडाच्या दिवशी पहाटे एक केळं आणि दोन खजूर, त्यावर पाणी. वर गेल्यावर देवटाक्यापाशी, म्हणजे गडावरच्या पाण्याच्या टाक्यापाशी, जरा टेकायचं, मग मडक्यातलं दही. पिठलं-भाकरी आणि कांदाभजी खाऊन लगेच उतरायला निघू नका एवढं सांगते, भरल्या पोटी पाय जड होतात. आम्ही हल्ली भाकरी अर्धी खातो आणि उतरताना मावशींकडे मीठ घातलेलं ताक घेतो, घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ त्यात दोन्ही भरून निघतं.

आता मनाचं लिहिते, कारण उतरण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला तिथे सापडला. चढताना कोणी बोलू शकत नाही, दम लागलेला असतो. उतरताना मात्र श्वास मोकळा असतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, नजर वाटेवर, आणि अशा वेळी माणसं जे बोलतात ते घरी चहाच्या टेबलावर बोलत नाहीत. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, रविवारी सकाळी नणंद येऊन त्यांच्याजवळ बसते म्हणून मी येऊ शकते. आठवडाभर तोच प्रश्न वीस वेळा ऐकून आतून जे साठलेलं असतं ते मी उतरताना मैत्रिणीला सांगते, ती सल्ला देत नाही, नुसती हं हं करते, आणि घरी जाऊन मी परत त्याच प्रश्नाला प्रेमाने उत्तर देऊ शकते.

आमच्यात एक काका आहेत, मागच्या वर्षी काकू गेल्या. ते महिनोनमहिने यायचे, गपचूप चढायचे, गपचूप उतरायचे. डिसेंबरमध्ये एकदा अर्ध्या वाटेत म्हणाले की रात्री झोपच लागत नाही आणि सकाळी उठावंसं वाटत नाही, फक्त रविवारी उठतो. आम्ही सगळे त्या दिवशी त्यांच्या चालीने उतरलो. पायथ्याला आल्यावर ग्रुपमधल्या एकीने त्यांना टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लावून दिला, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. काका तिथे कडेला उभे राहून बराच वेळ बोलले. आता ते समुपदेशकाकडे जातात, आणि आमच्याबरोबर उतरताना काकूंच्या गोष्टी सांगतात, त्या कुठल्या लोणच्यात काय घालायच्या तेसुद्धा. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी असं गप्प झालं असेल तर त्यांच्या चालीने उतरा आणि हा नंबर फोनमध्ये ठेवा.

पुढचा प्लॅन असा. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापायला लागतं तेव्हा पायथा सहाच्या आत सोडायचा. मार्चपर्यंत एकदा पुणे दरवाज्याने चढून कल्याण दरवाज्याने खाली उतरायचं आहे, ती बाजू शांत आहे पण अनोळखी वाटेवर उतरणं म्हणजे नवी परीक्षा. काठीचा विचार चालू आहे, एक घ्यावी की दोन यावर अजून ठरत नाहीये, ज्यांनी घसाऱ्यावर दोन्ही वापरून बघितल्यात त्यांनी सांगा, आणि उतरताना काठीची उंची चढण्यापेक्षा किती वाढवता तेही सांगा.