कच्चा टॅकल घडवताना

आज जॉर्डन मायलाटाचे जुने सामने पुन्हा लावून बसलो होतो, नजर फक्त त्याच्या पायांवर. सिडनीचा हा रग्बी लीग खेळाडू, उंची 6 फूट 8 इंच. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेल्या या पोराला फिलाडेल्फिया ईगल्सने 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, सातव्या म्हणजे शेवटच्या फेरीत, 233 व्या क्रमांकावर घेतलं. पहिले दोन मोसम पाठदुखीत गेले, तरी कोच जेफ स्टाउटलँड यांनी त्याला सोडलं नाही.

मायलाटाची जागा लेफ्ट टॅकलची: रांगेत डावीकडे उभं राहून, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडे धावणाऱ्या बचावपटूला अडवायचं. लेफ्ट टॅकलने चेंडू सुटताच डावा पाय तिरका मागे सरकवायचा आणि उजवा त्यामागे जमिनीलगत ओढायचा. दोन पायांतलं अंतर मिटू द्यायचं नाही. नवखा खेळाडू बाहेरच्या वेगाला घाबरून कंबर लवकर वळवतो, आणि बचावपटू आतून थेट क्वार्टरबॅकवर जातो. उंच मुलांचं आणखी एक दुखणं म्हणजे गुडघ्यांऐवजी कमरेतून वाकणं. मग वजन पंजांवर येतं, समोरचा हात झटकून निसटतो. हात छातीच्या चौकटीबाहेर पकडायला गेले की होल्डिंग, म्हणजे बेकायदा पकडीचा दंड, संघ 10 यार्ड मागे!

2021 मध्ये त्याने लेफ्ट टॅकलची जागा जिंकली तीही आंद्रे डिलार्डला मागे टाकून, जो 2019 च्या पहिल्या फेरीतला. माझ्या मते सातव्या फेरीत असाच जुगार खेळावा, पण शिकवणारा कोच आधी हवा.